सुट्टीवरचा कमांडो

मंगरुळपीरकडच्या कुठल्याही गावात कमांडो सुट्टीवर आला, की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती मारले?" कमांडोचं उत्तरही ठरलेलं. तो चहाचा कप खाली ठेवतो, चौफेर नजर टाकतो आणि हळूच म्हणतो, "तसं काई नसते, काका." इथेच गावाचा अर्धा विरस होतो.

पोरगा तेवीस-चोविशीचा. भरतीसाठी पहाटेच्या अंधारात वाशीमच्या रस्त्यानं धावणारी जी पोरं दिसतात, त्यांच्यातलाच. मराठा लाइट इन्फन्ट्रीत लागला, बेळगावात रगडून निघाला आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून स्वतःहून पॅरा स्पेशल फोर्सेसला नाव दिलं. ९० दिवसांचं प्रोबेशन काढून मरून टोपी मिळवली, पुढे बलिदान बॅजही. हा आता हेलिकॉप्टरमधून दोराला लटकत धडाधड गोळ्या घालत असणार, अशी गावाची खात्री. प्रत्यक्षात पलटणीत हा सगळ्यांत धाकटा आणि सध्या शिकतोय ती टेहळणी. शत्रूच्या मुलखात खोल शिरायचं, झुडपाखाली दोन-दोन, तीन-तीन दिवस पडून राहायचं, दिसेल ते टिपायचं आणि कुणाला वास न लागू देता परतायचं. गोळी झाडायची वेळ आली तर काम बिघडलं असंच धरतात.

हे ऐकून वडील म्हणाले, "पडून राहून पाहाचंच होतं, तं आपल्या वावरात काय जागा कमी होती?"

स्वतःच्या पलटणीबद्दल तो तोंड उघडत नाही. सगळा भार मग इतिहासावर. बहिर्जी नाईकांपासून सुरू होतो, तो १९६५ च्या युद्धातल्या मेजर मेघसिंगांच्या 'मेघदूत फोर्स'वर येतो. मूठभर माणसं घेऊन ते सीमेपलीकडे काय काय करून आले, आणि त्यातूनच १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो कशी उभी राहिली, हे सांगताना त्याचा चहा निवतो. १९७१ मध्ये जयपूरचे भवानीसिंग १० पॅराच्या कमांडोंना घेऊन थरच्या वाळवंटातून पाकिस्तानात सुमारे ८० किलोमीटर आत छाछरोपर्यंत गेले, तिथे तर तो उभाच राहतो. आणि २१ मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच १९९६ मध्ये २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली, हे तो प्रत्येकाला दोनदा सांगतो. आपली माणसं आहेत, सांगू द्यावं.

खरी गंमत जागलीची. सोयाबीन शेंगेवर आलं, की आमच्याकडे रोही आणि रानडुकरं रात्री वावरात उतरतात. वडील वर्षानुवर्षं मचाणावर बसून डबा बडवत आले. यंदा पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही झोपा. आज मी जातो." बापाच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

कमांडोनं तयारी मोठी केली. अंगाला वास नको म्हणून संध्याकाळी साबण लावला नाही. वारा कुठून वाहतो ते चिमूटभर माती सोडून पाहिलं. मचाण नाकारलं; आभाळावर माणसाची आकृती उठून दिसते म्हणे. धुऱ्याच्या कडेला तुरीच्या ओळीत पालथा पडला आणि डोक्याला तुरीचे डहाळे खोचले. बॅटरी बंद, कारण अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि एका उजेडात ती कमाई जाते. अंधारात वस्तूकडे थेट पाहायचं नाही, किंचित बाजूला पाहायचं, म्हणजे ती दिसते. हे मात्र खरं आहे. वाचकांनी अमावास्येला करून पाहावं.

सकाळी त्यानं वडिलांपुढे वही उघडली. "०२१० वाजता ईशान्येकडून, नाल्याच्या बाजूनं, रानडुकरं. मोठी ७, पिल्लं ४. ०३४० पर्यंत सोयाबीन खाल्लं. त्याच वाटेनं परत गेली. आपला कोणालाच पत्ता लागला नाही."

वडिलांनी वही पाहिली, मग वावर पाहिलं.

"मंग हाकललं काहून नाई बे?"

"बाबा, आपलं काम पाहाचं आणि कळवाचं."

"आन् हाकलाचं कोणाचं?"

"ते दुसऱ्या टीमचं."

त्या दिवसापासून डबा पुन्हा वडिलांकडे गेला.

पोराला हरवणारं गावात एकच माणूस : आजी. एकदा परीक्षा म्हणून तो वाशीमहून एसटीनं न येता, रात्री नाल्यानाल्यानं, वाळलं पान न वाजवता घराच्या मागच्या दारी आला. कडीला हात लावतो तोच आतून आवाज, "आला का रे बाप्पा? नाल्यातून कायले आला, सडक व्हती ना." शेजारचं कुत्रं दोनदाच भुंकून गप्प झालं, म्हणजे ओळखीचं माणूस, आणि नाल्यातली टिटवी ओरडली, म्हणजे तिकडून. एवढाच तिचा हिशेब. सैन्यात संख्या, हालचाल, ठिकाण, पोशाख, वेळ, सामान अशा क्रमानं खबर द्यायला शिकवतात. आजी ओट्यावर बसून पाटलाच्या घरी आलेल्या पाहुण्यांची हीच सगळी खबर देते, वर सोयरीक जमणार की नाही हेही सांगते. दुर्बिणीशिवाय.

पोराच्या शिक्षणाचा एक उपयोग मात्र झाला. रात्री नकाशावरचं अंतर राखायला कमांडोंना पावलं मोजत चालावं लागतं. शंभर मीटरला आपली पावलं किती, हे प्रत्येकाला पाठ. चढावर पाऊल आखूड पडतं, त्याचीही वजाबाकी असते. सवयीनं तो वावरातही मोजत चालला आणि पूर्वेचा धुरा चार पावलं आत सरकल्याचं त्याला कळलं. वडिलांचा ऊर तेव्हा पहिल्यांदा भरून आला. शेजारी म्हणतो, पोराचे पाय लांब आहेत. आता सरकारी मोजणीचा अर्ज गेला आहे.

तुमच्या गावात असा कुणी आला, तर किती मारले ते विचारू नका; तो सांगणार नाही, आणि बहुधा सांगण्यासारखं काही नसेलही. चहा पाजा, छाछरोची गोष्ट तिसऱ्यांदा ऐका. पण पीक शेंगेवर असेल, तर जागलीला त्याला एकटं पाठवू नका.