एकही फाइल न टाकता सुखाने जगण्याची विद्या

एंटरप्राइझ कंटेंट मॅनेजमेंट, म्हणजे धंद्यातल्या बोलीत ईसीएम, या क्षेत्रात सल्लागार म्हणून उतरू पाहणाऱ्याने आधी एक गैरसमज डोक्यातून काढावा. कंपनीचे करार, आराखडे, बिले, पत्रव्यवहार नीट लावून देणे आणि हवा तो कागद हव्या त्या माणसाला चटकन सापडेल असे करणे हे आपले काम आहे, असे नवख्याला वाटते. माहितीपत्रकात तसेच छापलेले असते आणि ग्राहकही तोंडाने तेच मागत असतो. पण कंपनीचा शेअर्ड ड्राइव्ह उघडून बघावा. तिथे ‘करार फायनल’, ‘करार फायनल 2’ आणि ‘करार फायनल हाच’ अशा तीन फाइली गुण्यागोविंदाने नांदत असतात. शेजारी ‘जुने, हात लावू नये’ नावाचा फोल्डर असतो, आणि हे नाव देणारे साहेब नोकरी सोडून कधीच गेलेले असतात. यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे सांगायला पगारी माणसांपैकी कोणी धजत नाही, कारण ठेवल्याबद्दल आजवर कोणाची चौकशी झालेली नाही. हा निर्णय सन्मानाने पुढे ढकलण्याची सोय म्हणजे आपला खरा माल. सॉफ्टवेअर हे त्याचे वेष्टन. ही गोष्ट मनाशी पक्की ठरली की बाकीची विद्या सहज येते.

या मालाला आपल्याकडे एक जुना आणि फार स्वस्त प्रतिस्पर्धी आहे, त्याची माहिती असलेली बरी. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनाने दप्तर कसे ठेवावे यासाठी सहा गठ्ठे पद्धत आहे. चालू प्रकरणे एका गठ्ठ्यात, प्रतीक्षेतली दुसऱ्यात, असे करत करत एक गठ्ठा अभिलेख कक्षाकडे पाठवायच्या कागदांचा असतो आणि एक सरळ नष्ट करायच्या कागदांचा. नस्ती बंद करतानाच तिच्यावर अ, ब, क, ड यांपैकी वर्ग पडायचा असतो: ‘अ’ म्हणजे कायम जतन, ‘ड’ म्हणजे वर्षभराने रद्दी. 1980च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीत दप्तराची अशी काही झाडाझडती घेतली की ‘लखिना पॅटर्न’ हे नाव आजही महसूल खात्यात आदराने घेतले जाते. त्यासाठी सर्व्हर लागला नव्हता आणि परवान्याचे वार्षिक शुल्कही नव्हते. ही पद्धत सगळीकडे नियमाप्रमाणे चालत असती तर आपल्यावर उपासमारीचीच वेळ आली असती. सुदैवाने वर्ग घालणे म्हणजे त्याखाली सही करणे, आणि सही म्हटले की पेन आठवडाभर सापडत नाही.

आता प्रश्न असा की, निर्णय पुढे ढकलण्याचे पैसे एखादी कंपनी एकदा देईल, पुन्हा पुन्हा का देईल? याचे उत्तर या क्षेत्राच्या इतिहासात आहे आणि प्रत्येक उमेदवाराने तो तोंडपाठ करावा. डॉक्युमेंटम ही कंपनी 1990मध्ये निघाली. 2003मध्ये ती ईएमसीने घेतली, 2016मध्ये ईएमसीच डेलने घेतली आणि 2017च्या जानेवारीत डॉक्युमेंटम ओपनटेक्स्टच्या हाती गेली. तिच्या संस्थापकांपैकी जॉन न्यूटन यांनी 2005मध्ये अल्फ्रेस्को काढली. ती 2020मध्ये हायलँडने घेतली. फाइलनेट 1982ची, ती 2006मध्ये आयबीएमने घेतली. इंटरवोव्हन 2009मध्ये ऑटोनॉमीने घेतली, ऑटोनॉमी 2011मध्ये एचपीने, आणि पुढच्याच वर्षी एचपीने त्या व्यवहारापायी 8.8 अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. अशी प्रत्येक विक्री झाली की ग्राहकाच्या पोटात गोळा येतो, आपल्या उत्पादनाला यापुढे कोण विचारणार म्हणून. तो सल्लागाराला बोलावतो, सल्लागार गंभीर चेहऱ्याने मायग्रेशन सुचवतो. मायग्रेशन म्हणजे या माळ्यावरचे सामान त्या माळ्यावर नेणे; माळा बदलताना फुटक्या बादल्याही मोजून नेल्या जातात. ‘यातली नको असलेली कागदपत्रे आधी काढू या का?’ असे कोणी विचारलेच तर दचकू नये. शांतपणे ‘जरूर, फेज टूमध्ये’ म्हणावे. फेज टूचा आराखडा सुबक असतो, त्याला मंजुरीही मिळते, आणि ती कधी सुरू होत नाही. शिवाय जुनी यंत्रणा ऑडिटसाठी लागेल म्हणून केवळ वाचण्यापुरती चालू ठेवली जाते. म्हणजे एका पसाऱ्याचे दोन पसारे होतात आणि दोन्हींना देखभालीचा करार लागतो. हिंजवडीतले कितीतरी दिवे अमेरिकेच्या वेळेने जळतात ते याच पुण्याईवर.

यंत्रणा विकल्या जातात तशीच क्षेत्राची नावेही बदलत राहतात, आणि त्यातही आपले हित आहे. या धंद्याची अमेरिकेतली संघटना एआयआयएम 1943मध्ये नॅशनल मायक्रोफिल्म असोसिएशन म्हणून जन्मली. एकविसावे शतक उजाडताना ‘ईसीएम’ रूढ झाले. 2017च्या सुमारास गार्टनर या संशोधन-सल्ला कंपनीने ईसीएम संपले, आता ‘कंटेंट सर्व्हिसेस’ म्हणा असे सुचवले. कागद तेच राहिले, पण व्हिजिटिंग कार्डे नवी छापावी लागली आणि त्याबरोबर दरही नवे सांगता आले.

यानंतर येते वर्गीकरणाची कार्यशाळा, जिला टॅक्सॉनॉमी वर्कशॉप म्हणावे, कारण त्याचे पैसे जास्त मिळतात. विषयाला एकाच फांदीवर न टांगता अनेक पैलूंनी ओळखण्याची रीत एस. आर. रंगनाथन यांनी 1933मध्ये कोलन वर्गीकरणातून मांडली. मद्रासेत बसून गणिताच्या या माजी प्राध्यापकाने जी शिस्त ग्रंथालयांना दिली, तीच आज ‘फॅसेटेड’ या नावाने परदेशी सल्लागार आपल्याला डॉलरमध्ये परत विकतात. तेव्हा निदान आपण ती त्यांना विकण्यात गैर काही नाही. कार्यशाळेत प्रत्येक विभागाने मागितलेला प्रत्येक रकाना मान्य करावा आणि सगळे रकाने सक्तीचे करावेत. त्यामुळे विभागप्रमुख खूश होतात, आणि पुढे काय होणार हेही ठरलेले असते: फाइल चढवणारा माणूस घाईत असतो, तो प्रत्येक यादीतला पहिला पर्याय निवडतो. पहिला पर्याय ‘इतर’ असेल तर सहा महिन्यांत निम्मा कारभार ‘इतर’मध्ये जमा होतो. मग मेटाडेटाची, म्हणजे या रकान्यांतल्या माहितीची, गुणवत्ता सुधारण्याचा वेगळा प्रकल्प निघतो. डब्लिन कोअरवाल्यांनी 1995पासून अवघ्या पंधरा घटकांत जगभरच्या सामग्रीचे वर्णन बसवायचा घाट घातला होता, ही माहिती ग्राहकाला देण्याची घाई करू नये.

या मांडणीवर पहिला आक्षेप कायद्याचा येईल. कागद जपून ठेवणे ही भित्रेपणाची नव्हे, कायद्याची गोष्ट आहे, असे कंपनीचा विधी विभाग ठणकावून सांगेल. आक्षेप अर्धाच खरा आहे, आणि आपले पोट त्या उरलेल्या अर्ध्यावर आहे. कंपनी कायदा 2013 हिशेबाची पुस्तके 8 आर्थिक वर्षे ठेवायला सांगतो. जीएसटी कायदा वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने मोजतो. म्हणजे कायदा ‘ठेवा’ म्हणतो तेव्हा कुठवर तेही सांगतो. 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्याच्याही पुढे जातो: काम संपले आणि दुसऱ्या कायद्याने अडवले नसेल तर लोकांची वैयक्तिक माहिती पुसा, असे तो बजावतो. पण ‘ठेवा’ हा वाक्याचा पहिला भाग वाचला की विधी विभागाचे समाधान होते. कोणी उत्तरार्ध वाचायला लागलेच तर त्याला आर्थर अँडरसनची कथा सांगावी. एन्रॉन या ग्राहक कंपनीची चौकशी सुरू होण्याच्या बेतात असताना 2001च्या ऑक्टोबरमध्ये या लेखापरीक्षण कंपनीत कर्मचाऱ्यांना दस्तऐवज जतनाच्या धोरणाची आठवण करून देण्यात आली, आणि यंत्रांतून कागदांचा भुगा पडू लागला. 2002मध्ये कंपनी दोषी ठरली. 2005मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर फिरून यायला कंपनी उरली नव्हती. यातून निघणारा सरळ धडा असा की टाकायचे ते शांत काळात, ठरल्या वेळापत्रकाने टाकावे, म्हणजे ऐन चौकशीत हात थरथरत नाहीत. कथा सांगताना हा धडा गाळावा. ‘म्हणून काहीच टाकू नका’ एवढेच ऐकणाऱ्याच्या मनात राहील अशा बेताने थांबावे.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, ती ढिगातूनही सुई काढून देते, मग वर्गीकरण कशाला आणि सल्लागार तरी कशाला? यात घाबरण्यासारखे काही नाही. ढिगातून उत्तर काढणारा सहायक ‘करार फायनल 2’ आणि ‘करार फायनल हाच’ यांत आपल्याइतकाच गोंधळतो. फरक एवढाच की तो आत्मविश्वासाने गोंधळतो. त्यात पूर्वी ज्या फोल्डरची परवानगी चुकून सगळ्यांना दिली गेली होती, तो कोणाला माहीत नव्हता म्हणून सुरक्षित होता. आता एका प्रश्नासरशी पगाराचा तक्ता शिपायापासून संचालकापर्यंत कोणाच्याही पडद्यावर येऊ शकतो. त्यामुळे एआय आणण्याआधी पसारा आवरा, असा सल्ला आता सगळेच देतात. तो आपणही द्यावा, आणि आवरण्याची व्याख्या मात्र ‘परवानग्यांचे सर्वेक्षण’ एवढीच ठेवावी. सर्वेक्षणाने एक फाइलही कमी होत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड, कारण तो खरा आहे: काही ठिकाणी या यंत्रणा उत्तम चालतात. औषध कंपन्यांचे उदाहरण घ्या. कार्यपद्धतीची नवी आवृत्ती अमलात आली की जुनी त्याच दिवशी मागे घेतलेली असते, प्रत्येक सहीमागे नाव आणि वेळ असते, कारण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचे नियम 1997मध्येच घालून दिले आणि तपासनीस दारात कधी उभा राहील याचा नेम नसतो. सॉफ्टवेअर तेच, रकाने तसेच. फरक इतकाच की तिथे कोणालातरी ठरवावेच लागते आणि ठरवले नाही तर कारखाना बंद पडू शकतो. अशा ग्राहकाकडे कुशल सल्लागाराने कामाला जायला हरकत नाही, पण तिथली उदाहरणे घेऊन दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊ नये. त्याला वाटेल की ही गोष्ट आपल्यालाही जमेल.

आणि चुकून एखाद्याला जमू लागलीच, कोणी विभागप्रमुख खरोखरच ‘मुदतबाह्य कागद या तिमाहीत काढून टाकू’ म्हणू लागले, तर विरोध करू नये. त्यांचे मनापासून कौतुक करून समिती नेमायला सांगावे. समितीवर विधी, कर, मनुष्यबळ, आयटी आणि अंतर्गत लेखापरीक्षण यांचे प्रतिनिधी असावेत, आणि निर्णय एकमताने व्हावा अशी अट घालावी. इतिवृत्ते आपणच लिहावीत. त्यांच्या आवृत्त्या यथावकाश त्याच ड्राइव्हवर साचतात. एकच धोका सांभाळायचा. प्रत्येक कंपनीत रेकॉर्ड सांभाळणारे एक काका किंवा मावशी असतात, ज्यांना कुठला खोका कोणत्या साली कशासाठी ठेवला आणि तो आता कोणाच्याही उपयोगाचा नाही, हे न बघता सांगता येते. त्यांना कार्यशाळेला बोलावू नये. व्यवस्थापनाने आग्रहच धरला तर कार्यशाळा त्यांच्या निवृत्तीनंतरच्या सोमवारी ठेवावी.