शिष्यवृत्तीधारकाच्या आकांक्षेचे शास्त्रोक्त संगोपन

परदेशी शिक्षणाची आकांक्षा आधी उपजते आणि अर्ज मागाहून भरला जातो, असा समज रूढ असला, तरी व्यवहारात अर्ज आधी येतो आणि त्यातील शब्दमर्यादा पाहून आकांक्षा बेतावी लागते. ब्रिटिश सरकारची १९८३ साली सुरू झालेली चेव्हनिंग शिष्यवृत्ती येथे नमुन्यादाखल घेतली आहे. ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा खर्च उचलणारी ही योजना नेतृत्व, संपर्कजाळे, ब्रिटनच का आणि पुढील कारकीर्द या विषयांवर निबंध मागते.

पहिली पायरी, घडण. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी गोळा केल्याचा अनुभव नेतृत्वाखाली निःसंकोच दाखवावा. मात्र वर्गणी बुडवणाऱ्या शेजाऱ्याशी झालेली बाचाबाची संपर्कजाळ्यात घालू नये. अर्जात तीन वेगवेगळे अभ्यासक्रम निवडावे लागत असल्याने तिन्हींवर एकाच वेळी एकनिष्ठ राहण्याचा सराव करावा. कारकिर्दीच्या निबंधात पगाराचा उल्लेख टाळून मराठवाड्याची पाणीटंचाई दुसऱ्या परिच्छेदापर्यंत संपवावी.

दुसरी पायरी, आकुंचन. परदेशी पोहोचल्यावर प्रत्येक पौंडाला रुपयांनी गुणण्याची व्याधी जडते आणि देशाचे जलधोरण बदलू पाहणारी व्यक्ती संध्याकाळी सुपरमार्केटात पिवळ्या चिठ्ठीचा, म्हणजे मुदत संपत आल्याने स्वस्त केलेला, पाव शोधताना आढळते. याला अधःपतन समजू नये; मर्यादित साधनांचे नियोजन हा विषय निबंधात लिहिला होता, त्याचेच हे प्रात्यक्षिक होय.

तिसरी पायरी, परतावा. अभ्यास संपल्यावर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट या शिष्यवृत्तीला आहे. अशा अटी, म्हणजेच बंधपत्रे, जुन्या आहेत. बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार केला होता. तो पाळण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास रुजू झाले. पण कचेरीत अस्पृश्यता पाळली गेली, शहरात राहायला जागा मिळेना, आणि अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. शिष्यवृत्ती देणारे महाराज सयाजीराव उदार होते, घेणारा विद्यार्थी वचनाला जागला होता. परतलेल्या विद्वानाला घर द्यावे, असे कलम मात्र करारात कोणावरच बंधनकारक नव्हते.

यावरून अर्जाच्या नमुन्यातील एक उणीव ध्यानात येते. परत येऊन देशासाठी काय करणार, हे विद्यार्थ्याकडून लेखी घेतले जाते. तेव्हा परतलेल्यासाठी देश काय करणार, यावरही तेवढ्याच शब्दांचा निबंध मागवावा आणि तो मुदतीत न आल्यास, विद्यार्थ्याच्या बाबतीत होते त्याप्रमाणेच, अर्ज बाद समजावा.