माघारीचा मुहूर्त

उमेदवारी अर्ज मागे घ्यायला निवडणूक आयोग दुपारी तीनची वेळ देतो. साताऱ्यात एवढी घाई नसते. २०१९च्या मे महिन्यात उदयनराजे भोसले राष्ट्रवादीचे खासदार म्हणून निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपवासी झाले. आधी गुलाल, मग माघार! पोटनिवडणुकीत, शरद पवारांच्या त्या भरपावसातल्या सभेनंतर, सातारकरांनी राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांना निवडलं. २०२४ला मात्र त्याच सातारकरांनी राजेंना पुन्हा दिल्लीला धाडलं. माघार काय फक्त पुढाऱ्यांनीच घ्यायची?

सांगलीत उलटी तऱ्हा. २०२४ला महाविकास आघाडीने जागा ठाकरेंच्या शिवसेनेला, म्हणजे पैलवान चंद्रहार पाटलांना दिली. वसंतदादांचे नातू, काँग्रेसचे विशाल पाटील यांची मनधरणी झाली, समज देऊन झाली. गडी हलला नाही. अपक्ष लढले, ‘लिफाफा’ चिन्ह घेऊन लाखभर मतांनी जिंकले. आणि निकाल लागताच, ज्या काँग्रेसविरुद्ध बंड केलं तिलाच पाठिंब्याचं पत्र! बंडातूनही माघार घेता येते. फक्त आधी खासदार व्हावं लागतं. पैलवानांचं डिपॉझिट गेलं. वर्षभराने ते शिंदेंच्या शिवसेनेत गेले.