काकू फुकुशिमाला जाऊन आल्या

काकू जपानहून आल्यापासून आमच्या मधल्या भिंतीवर रोज संध्याकाळी एक हप्ता ऐकायला मिळतो. बुलेट ट्रेन झाली, फुजी झाला, लेकाच्या टोकियोतल्या निशिकासाईत डाळ-तांदूळ कसे कोपऱ्यावर मिळतात आणि जिन्यात मराठी कशी कानावर पडते, तेही झालं. काल मात्र त्यांनी एकदम बॉम्बच टाकला.

"आम्ही फुकुशिमालाही जाऊन आलो. एका दिवसाची टूर, गाइडसकट."

"अणुभट्टीवालं? तेच ते?"

"तेच. पण तुझ्या डोक्यात आहे तसं नाही गं. पांढरे डगले नाहीत की तोंडाला फडकं नाही. गळ्यात अडकवायला एक चिमुकलं यंत्र देतात, किती किरणोत्सर्ग लागला ते दाखवतं. आमचे हे दिवसभर त्यातच डोकं घालून. परत देताना आकडा बघून म्हणतात, एवढाच? गाइडबाई हसली. म्हणाली, भारतातून येताना विमानात याहून जास्त लागला असेल. तर यांचा चेहरा पडला. पैसे वसूल झाले नाहीत ना!"

तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून आवाज आला. "म्हंजे पैसे देऊन बगायला गेल्ता?"

आक्का. झाडांना पाणी घालता घालता सगळं ऐकत होत्या. आक्का औसा तालुक्यातल्या, माहेर किल्लारीच्या अगदी जवळ. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले, चार वाजायच्या आत भूकंप. दगडामातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. हजारो माणसं झोपेतच गेली. आक्का त्याबद्दल एरवी बोलत नाहीत. काल बोलल्या.

"मानसं काढायची का बगे आवरायचे, पोलिसांना कळंना. जीप भरभरून यायचे. एकजण मोसंबी सोलत हुबा होता. सालं तितंच टाकली."

काकू चपापल्या, पण गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. "मलाही आधी तसंच वाटलं हो, आक्का. लेकाला म्हटलं, दुसऱ्याच्या घरच्या सुतकात सहल कसली काढतोस? तर म्हणतो, आई, त्यांनीच बोलावलंय."

आणि खरंच बोलावलंय. फुकुशिमाचं प्रांतिक सरकारच याला 'होप टुरिझम' म्हणतं. (सरकारने एखाद्या गोष्टीला गोड नाव दिलं की मला आधी शंका येते, पण ते असो.) टोकियोतल्या उएनोहून 'हिताची' एक्स्प्रेस पकडायची, तीन-सव्वातीन तासांत नामिए. हीच रेल्वे २०११ला तुटली ती सगळी जोडून व्हायला १४ मार्च २०२० उजाडला. नामिए म्हणजे तेव्हाचं २१ हजार वस्तीचं गाव. ११ मार्चला भूकंप, मागोमाग त्सुनामी, आणि दुसऱ्या दिवसापासून अणुभट्टीमुळे गाव रिकामं करायचा हुकूम. परतायची परवानगी मिळाली २०१७ साली, तीही गावाच्या काही भागापुरती. तोवर लोकांची पोरं दुसरीकडे शाळेत रुळली, नोकऱ्या लागल्या. परत आलेले दहातला एक धरा.

"मग बघायला आहे काय तिथे?" मी विचारलं.

"रिकामे प्लॉट! गाइडबाई एकेका गवताळ तुकड्यासमोर उभी राहून सांगत होती, इथे न्हावी होता, इथे माझी मैत्रीण राहायची. घरं भूकंपाने पडली नाहीत बरं का. माणूस नाही म्हणून सडली, रानडुकरं शिरली, मग पाडली. ही बाई तिथलीच, गाव सुटल्यावर किती ठिकाणी बिऱ्हाड केलं ते बोटांवर मोजत होती. बोटं पुरेनात."

मग काकूंनी नामिएतल्याच उकेदोच्या शाळेचं सांगितलं. समुद्रापासून ३०० मीटरवर प्राथमिक शाळा. धक्का बसला तेव्हा आत ८२ मुलं. मास्तरांनी कुणाच्या आईबापांची वाट बघितली नाही, सगळ्यांना घेऊन दीडेक किलोमीटरवरच्या ओहिरा टेकडीकडे निघाले. टेकडीत शिरायची वाट एका पोराला ठाऊक होती, त्याने दाखवली. मागे गाव वाहून गेलं. टेकडी ओलांडून पोरं हमरस्त्याला लागली, तिथे एका ट्रकवाल्याने त्यांना गाडीत घेतलं. ८२च्या ८२ वाचली. शाळा २०२१पासून बघायला खुली आहे, आहे तशी. वाकलेलं लोखंड, लोंबणारं छत, काही सारवासारव केलेली नाही.

"वाचली ना पोरं," आक्का म्हणाल्या. "मंग चांगलं हाय."

"पोरं वाचली. पण गावात त्या रात्री अग्निशमन दलाच्या माणसांना ढिगाऱ्याखालून आवाज ऐकू आले होते, आक्का. अंधार होता, पुन्हा लाट यायची भीती, तेव्हा ठरलं की उजाडताच काढायचं. आणि पहाटेच हुकूम, अणुभट्टी धोक्यात आहे, निघा. निघाले. पुन्हा शोधायला माणसं गेली ती महिन्याने."

आक्कांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. मोगऱ्याच्या आळ्यातून पाणी भिंतीखालून आमच्याकडे आलं, तरी कुणी काही बोललं नाही. किल्लारीत निदान हात लावायला मिळाला होता, एवढंच त्या पुटपुटल्या.

विषय काकूंनीच पालटला, आणि बरंच केलं. शेजारच्या फुताबात एक संग्रहालय आहे, २०२०मध्ये उघडलेलं. तिथे गावाची जुनी पाटी ठेवलीय. अणुऊर्जेमुळे भविष्य उजळणार अशा अर्थाची घोषणा, मुख्य रस्त्यावर कमानीसारखी लावलेली. ती लिहिली होती गावातल्याच सहावीतल्या मुलाने, गृहपाठ म्हणून. गाव रिकामं झाल्यावर पाटी काढायची ठरली, तेव्हा तोच मुलगा, आता बाप्या झालेला, विरोधात उभा राहिला. ती आमची चूक आहे, ती दिसायला हवी, असं त्याचं म्हणणं. मला हा गडी भारी आवडला. आपल्याकडे निबंधस्पर्धेत 'विज्ञान शाप की वरदान' लिहून बक्षीस मिळवलेले आपण सगळे. त्या निबंधाचा फलक कुणी नाक्यावर टांगला असता तर रात्रीतून उतरवायला शिडी घेऊन गेलो असतो.

"आणि जेवलात कुठे?" हा माझा प्रश्न. कोणत्याही प्रवासवर्णनात मला यातच खरा रस.

"नामिएतच. तिथले याकिसोबा प्रसिद्ध, करंगळीएवढे जाड नूडल. त्यात डुक्कर घालतात, मला बिनडुकराचे करून दिले. गाइडबाईने आधीच बजावलं होतं. म्हणाली, लोक येतात, शाळेत रडतात आणि टोकियोला जाऊन जेवतात. आमच्या बंदराचे मासे घ्यायला कुणी तयार नाही. २०२३मध्ये अणुभट्टीचं साठवलेलं पाणी प्रक्रिया करून समुद्रात सोडायला लागले, तेव्हा चीनने तर जपानचे सगळेच मासे बंद केले. ती म्हणाली, रडू नका, जेवा."

"शानी बाई हाय," आक्का म्हणाल्या.

"आणि किरणोत्सर्गामुळे खरवडून काढलेली माती तिथेच पडून आहे हो, काळ्या पोत्यांतून आणलेली. २०४५पर्यंत प्रांताबाहेर नेऊ म्हणतं सरकार. कुठे, ते विचारलं तर बाई नुसती खांदे उडवते."

"सरकार तितंबी सरकारच," आक्का म्हणाल्या. "आमच्याकडं बावन्न गावं नव्या जाग्यावर बसवली. घरं भक्कम, न्हाई म्हनत न्हाई. पर पट्टीनं आखल्यावानी वळी. पयल्यांदा चुलत्याचं दार समूर होतं, आता तीन गल्ल्या सोडून. चुलता सकाळी भाकर खायला यायचा, त्यो यायचाच थांबला."

हे असलं कुठल्या अहवालात सापडायचं? काकूंच्याही ते लक्षात आलं असणार, कारण लगेच म्हणाल्या, "आक्का, आपण सगळ्या किल्लारीला जाऊ या ना. तुम्ही सांगायचं."

आक्कांनी पाइप बंद केला. मला वाटलं, आता या सडकून बोलणार.

"येका दिवसात हुत न्हाई. लातूर जवळ हाय व्हय? मुक्काम करावा लागंल. भावाकडं जागा हाय."

"चालेल की!"

"मोबाइल आदी पिशवीत टाकायचे. म्या हो म्हनल्याबिगर काडायचे न्हाईत. आनि जुन्या गावात मी जितं थांबीन तितंच थांबायचं, पुडं पळायचं न्हाई. काय इचारायचं ते माज्या भावजयीला इचारा, तिला माज्यापेक्षा लई ठावं. पर पयल्यांदा तिची ज्वारी कशी आली ते इचारा."

"बरं. मी दशम्या घेते सगळ्यांसाठी..."

"डबे आनायचे न्हाईत!" आक्का ओरडल्याच. "भावजय करील ते खायाचं."

"अहो, पण गुरुवारी माझा उपास असतो."

"मंग शुक्रवारी निगा."