ब्लॉकबस्टर!

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दल जर्मन शहरांवर ४,००० पौंडी बॉम्ब टाकू लागलं. एका दणक्यात अख्खी आळी भुईसपाट. म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला ‘ब्लॉकबस्टर’ म्हटलं. युद्ध संपेपर्यंत थांबायलाही हॉलिवूडच्या जाहिरातवाल्यांना सवड नव्हती. १९४३ मध्येच शब्द सिनेमाच्या जाहिरातीत चढला. (ढिगाऱ्याखालच्यांना कोण विचारतो!) पुढे वर्षाला अब्ज डॉलर कमावणारी औषधाची गोळीही ब्लॉकबस्टर झाली. आपल्याकडे सिनेमा शुक्रवारी लागतो, शनिवारच्या पेपरात ‘ब्लॉकबस्टर’ ठरतो आणि सोमवारी थिएटरात चार टाळकी, त्यातली दोन एसीसाठी आलेली. व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने तर दुकानाच्या पाटीवरच हे नाव रंगवलं होतं. २०१० मध्ये तिचं दिवाळं वाजलं.