शिबिरार्थी

साहित्यक्षेत्रात दोन जमाती सर्वांना ठाऊक असतात: लिहिणारे आणि लिहिणाऱ्यांना नावं ठेवणारे. तिसरी बघायची असेल तर आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात या. ही लिहायला शिकणाऱ्यांची जमात, आणि तिचे बिनीचे शिलेदार म्हणजे आमचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतात आणि दिवाळी, उन्हाळा, जोडून आलेले रविवार, शिवाय पदरात पडेल ती कर्तव्यरजा असा सगळा वेळ बालसाहित्याच्या कार्यशाळांना देतात.

कार्यशाळा साकोलीला असो, नागपूरला असो की पुण्याला, गुरुजींना अंतराचं काही वाटत नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियातूनच सुटते हा त्यांच्या मते आपल्या जिल्ह्यावर रेल्वेने केलेला वाङ्मयीन उपकार आहे. पुण्याला पोचायला पुढचा दिवस उजाडतो, पण तेवढ्या वेळात शेजारच्या प्रवाशाला बालसाहित्याचा इतिहास ऐकवून होतो. ‘किशोर’ 1971 साली बालभारतीने सुरू केलं इथपासून आरंभ. साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार ठेवला, मराठीतला पहिला अनिल अवचटांना, दुसरा दिलीप प्रभावळकरांच्या बोक्याला, असं करत करत गाडी नागपूर सोडते. वर्ध्याच्या आसपास प्रवासी वरच्या बर्थवर चढून झोपतो.

कार्यशाळेत गुरुजी सर्वांत आधी हजर. नोंदणीच्या टेबलावर सतरंजी झटकणाऱ्याच्याही आधी ते उभे असतात. पिशवी, वही, पेन आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र ताब्यात घेतलं की पहिला प्रश्न विचारतात, “उपस्थितीचं पत्र आजच मिळेल ना?” ते मुख्याध्यापकांना द्यायचं असतं. मग दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची. पहिल्या रांगेत बसलं की पाहुणा येताच उठावं लागतं आणि तिसऱ्या रांगेत बसलं की फोटोत अर्धंच तोंड येतं, हे ज्ञान अनुभवाने आलेलं. ‘आपण सगळे आता झाडं होऊ या’ असं मार्गदर्शक ताईंनी म्हणताच बाकीचे लाजत, एकमेकांकडे बघत हात वर करतात. गुरुजींचा तोवर वड झालेला असतो, पारंब्यांसकट.

प्रश्नोत्तरांत त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असतो आणि तो त्यांच्या गोष्टीविषयी असतो. होय, गुरुजींची एक गोष्ट आहे. सारसाची. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आमच्या धानपट्ट्यात, त्यामुळे विषय अस्सल. रोवणीच्या दिवसांत सारसाची जोडी एका बांधीत गवताचा ढीग रचून घरटं करते, दोन अंडी घालते, आणि शेतकरी तेवढा तुकडा न रोवता सोडून देतो. ही गोष्ट एक आजी नातवाला सांगते. मूळ खर्डा अकरा पानांचा होता. त्यात सारस बेडकाशी बोलायचा, धुऱ्यावरचा खेकडा मधे मधे विनोद करायचा आणि शेवटी ‘म्हणून मुलांनो’ होतं.

पहिल्या कार्यशाळेत ‘म्हणून मुलांनो’ गेलं. उपदेश नको, असं ठरलं. दुसरीकडे एक विज्ञाननिष्ठ तज्ज्ञ भेटले, त्यांनी पक्ष्यांची बोलती बंद केली. सारस मुका झाला, बेडकाला कामच उरलं नाही, खेकडा आपणहून बिळात गेला. तिसरीकडे कळलं की गोष्ट सांगणारी आजी आता फार झाली. आजी गेली आणि सांगायला कोणी नसल्यामुळे नातूही गेला. मग एकाने सांगितलं, गोष्ट बोलीत हवी. गुरुजींनी रातोरात ‘पाणी’चं ‘पानी’ केलं, ‘डोळा’चा ‘डोरा’ केला. पुढच्या खेपेला दुसऱ्याने विचारलं, “हे कोल्हापूरच्या मुलाला कळेल का?” डोरा पुन्हा डोळा झाला.

खरा घाव चित्रपुस्तकांच्या कार्यशाळेत बसला. चित्रात दिसतं ते शब्दांत सांगू नये, हा नियम गुरुजींनी अधोरेखित करून घेतला आणि घरी येऊन अमलात आणला. बांधी चित्रात गेली. पाऊस, घरटं, अंडी, शेतकरी, सगळे पाठोपाठ गेले. वहीत उरलं एकच वाक्य: ‘सारस उभा होता.’ गेल्या कार्यशाळेत तेही एका तरुण मार्गदर्शकाने वाचलं आणि विचार करून म्हणाला, “उभा आहे, ते चित्रात दिसेलच की!”

आता गोष्ट एका शब्दाची आहे. फार बांधेसूद झाली आहे असं गुरुजी सांगतात. अडचण एवढीच की गुरुजींना चित्र काढता येत नाही.

गावातल्या पोस्टमनने एकदा खोड काढली. म्हणाला, “गुरुजी, साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, ती पाच दिवसांत. त्यांनी कुठली कार्यशाळा केली होती?” गुरुजी डगमगले नाहीत. “पाच दिवस, राहणं-जेवण तिथेच, बाहेर जायला बंदी. निवासी कार्यशाळाच म्हणा की!”

घरी मात्र या व्यासंगाचं चीज झालं आहे. भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत, आणि स्वयंपाकघरात खुंट्यांवर कार्यशाळांच्या कापडी पिशव्या. ‘बालमनाचा वेध’ लिहिलेल्या पिशवीत चिन्नोर तांदूळ असतो, ‘कल्पनेच्या राज्यात’ लाखोरीची डाळ. गुरुजींच्या सौभाग्यवतींना बालसाहित्याविषयी विचारलं तर म्हणतात, “पुण्याची पिशवी टिकते. नागपूरची एका धुण्यात रंग सोडते.”

कुणी हसो, पण आयोजकांना विचारा. अध्यक्ष मिळतात, उद्घाटक तर नको नको म्हणताना मिळतात. दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात जागा राहणारा श्रोता मिळत नाही. गुरुजी जागे असतात. टिपणं घेतात, मान डोलावतात, आणि वक्त्याला वाटतं की आपण काहीतरी बोललो. एवढी सेवा किती लेखकांच्या हातून घडते?

तिची पोच अखेर मिळाली. यंदा तालुक्याच्या कार्यशाळेत गुरुजींना तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बोलावलं. शाल, श्रीफळ, आणि बसायला थेट व्यासपीठ. त्यांनी सगळ्यांना झाडं केलं, नियम सांगितले, मग लिहायला बसवलं. शेवटी नुकतीच नोकरीला लागलेली एक शिक्षिका उठली आणि तिने अर्ध्या तासात लिहिलेली गोष्ट वाचली. तिच्यात एक बगळा होता आणि तो भलताच बडबड्या होता. आजी होती, ती बगळ्याला झाडीबोलीत शिव्या घालत होती. शेवटी ‘म्हणून मुलांनो’सुद्धा होतं. सभागृह हसून हसून आडवं झालं. सर्वांत मोठ्याने गुरुजी हसले. डोळे पुसत त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिच्या पाच चुका नीट समजावून सांगितल्या आणि धीर दिला, “घाबरू नका, हात चांगला आहे तुमचा. पुढच्या महिन्यात नागपूरला दोन दिवसांची आहे, नाव देऊन टाका. जेवण त्यांच्याकडेच आहे.”