होस्ट-बाबा

विमानतळावर पाहुण्याला घ्यायला जाताना हातात कागदी झेंडे न्यायचे, ही स्वीडिश कुटुंबांची रीत आहे. आपल्याकडे हार, त्यांच्याकडे झेंडे. 2014 च्या ऑगस्टमध्ये उमेओच्या एवढ्याशा विमानतळावर मी उतरले तेव्हा माझ्या नव्या घरातली चार माणसं ओळीने उभी होती. तिघांच्या हातात निळे-पिवळे झेंडे. चौथ्या, उंच आणि चष्मेवाल्या गृहस्थांच्या हातात तिरंगा, घरच्या प्रिंटरवर छापलेला. माझी बॅग घेण्याआधी त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "चक्रात चोवीस आरे आहेत. मी मोजले. बरोबर ना?"

मी सतरा वर्षांची. सांगलीत दर पंधरा ऑगस्टला सकाळी सातला उठून झेंडावंदनाला गेलेली, पण आरे मोजायची वेळ कधी आली नव्हती. "बरोबर," मी ठोकून दिलं. त्यावर त्यांनी ओठांचा चंबू केला आणि चटका बसल्यासारखी एकदम हवा आत ओढली. श्युप! मला वाटलं, गेलं, आरे चुकले. मग कळलं की उत्तर स्वीडनमध्ये 'हो' असंच म्हणतात. आपण शब्द बाहेर सोडतो, ही माणसं आत घेतात. होकारसुद्धा वाया जाऊ देत नाहीत.

परदेशी विद्यार्थ्याला वर्षभर घरात ठेवून घेणाऱ्या बापाला स्वीडिशमध्ये 'वेर्डपापा' म्हणतात. मला पहिले काही दिवस ते 'वर्दीपापा' असं ऐकू यायचं, आणि ते फारसं चूकही नव्हतं. पुढे शिबिरात ब्राझीलची, जपानची, मेक्सिकोची मुलं भेटली. प्रत्येकाने आपापल्या घरच्या बाबांची नक्कल करून दाखवली, तेव्हा आम्ही सगळे एकाच माणसाकडे राहतोय की काय असं वाटायला लागलं. कुणाची उंची कमी, कुणाला दाढी, पण वाण एकच. पायात लोकरीचे मोजे. खिशात मोजमापाची टेप. विनोद एकच, तोही आठवड्यातून एकदा. आणि कुणी काही विचारो न विचारो, समजावून सांगायची बारमाही तयारी.

माझ्या सख्ख्या बाबांनी मला कधी काही समजावून सांगितल्याचं आठवत नाही. ते ओरडायचे आणि ते का ओरडले हे नंतर आई समजावून सांगायची. होस्ट-बाबांकडे ओरडण्याचं खातंच नव्हतं. मुलांवर हात उगारायला या देशाने 1979 मध्ये कायद्याने बंदी घातली, तीही जगात सर्वांत आधी. त्यामुळे जे काम आमच्याकडे एका धपाट्यात उरकतं, त्याला होस्ट-बाबांना चाळीस मिनिटं लागायची. कधीकधी मला धपाटाच परवडला असता.

पहिली अडचण हाक मारायची. घरातली पोरं त्यांना 'पापा' म्हणत, बाकी सगळं गाव नावाने. माझ्या शाळेतली सोळा वर्षांची मुलंही मुख्याध्यापकांना नावाने हाक मारत. पण बावन्न वर्षांच्या माणसाला, तेही ज्याच्या घरचं खातोय त्याला, नुसतं नाव? माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "अंकल, बाथरूम कुठे आहे?" ते थबकले. "कोणता अंकल? आमच्याकडे बापाचा भाऊ फारब्रूर, आईचा भाऊ मूरब्रूर."

मला गहिवरून आलं. म्हणजे यांच्याकडे काका वेगळा आणि मामा वेगळा! चौकशी केली तर आत्याला फास्टर आणि मावशीला मूस्टर असे स्वतंत्र शब्दही निघाले. साऱ्या गणगोताला अंकल-आंटीच्या एका पोत्यात कोंबणाऱ्या इंग्रजीने आम्हा दोघांना उगाच वेठीला धरलं होतं. "मग मी तुम्हाला फारब्रूर म्हणू?" होस्ट-आई खो खो हसायला लागली. परक्या माणसाला फारब्रूर म्हणणं म्हणजे काठी टेकत बाकावर येऊन बसणारा म्हातारा म्हणणं. होस्ट-बाबांचा चेहरा पडला. आदल्याच आठवड्यात ते सायकलवरून समुद्रापर्यंत जाऊन आले होते.

मग बाथरूमच्या दारातच व्याख्यान झालं. पूर्वी स्वीडिश लोकही असेच अवघडायचे. समोरच्याला 'तू' म्हणावं तर उद्धटपणा आणि 'तुम्ही' म्हणावं तर त्यालाही तिरकस वास. म्हणून डॉक्टरच्या तोंडावर "डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का?" असं तिसऱ्याच माणसाबद्दल विचारल्यासारखं विचारायचं. 1967 मध्ये ब्रूर रेक्सेद नावाचे गृहस्थ सरकारी वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी जाहीर केलं की आपण खात्यात सगळ्यांना 'तू' म्हणणार. बघता बघता राजघराणं सोडून अख्खा देश एकमेकांना अरे-तुरे करायला लागला. "तेव्हा तूही मला नावानेच हाक मार," होस्ट-बाबा म्हणाले. मी मान डोलावली आणि पुढचा आठवडाभर त्यांच्याजवळ जाऊन नुसती खाकरत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी मध आणला.

दुसरी अडचण म्हणजे सांगलीहून नेलेला मिठाईचा खोका. आतले पेढे दोन दिवसांत संपले. खोक्याची विल्हेवाट लावायला तीन दिवस लागले. बाहेरून पुठ्ठा, आतून चंदेरी मुलामा, झाकणाला प्लॅस्टिकची खिडकी, वर जरीची दोरी. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली होस्ट-बाबांचं साम्राज्य होतं. कागद, पुठ्ठा, धातू, प्लॅस्टिक, रंगीत काच, बिनरंगाची काच, खरकटं, प्रत्येकाला वेगळी बादली किंवा पिशवी. खोका टेबलावर ठेवून ते त्याच्याभोवती फिरले. नखाने मुलामा खरवडून पाहिला. खिडकी कात्रीने कापून काढली, पुठ्ठा पाण्यात भिजत घातला. शेवटी उरली जरीची दोरी. ती कशातच बसेना. ती त्यांनी खिळे ठेवायच्या कपाटात एका बरणीत घालून ठेवली. बरणीवर चिठ्ठी लावली: 'भारत'.

उमेओ त्या वर्षी युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. गावभर नाटकं आणि मैफली चालू होत्या. पण होस्ट-बाबांच्या लेखी संस्कृती न्याहारीच्या टेबलावर सुरू व्हायची, चीजच्या ठोकळ्यापासून. हे चीज साधंसुधं नव्हे. वेस्टरबॉटन प्रांताच्या नावाचं, बुरट्रेस्क नावाच्या एकाच गावात बनणारं, 1872 पासूनचं, किमान 14 महिने मुरलेलं. सांगतात की, तिथल्या गवळीवाड्यातल्या एका बाईचं दूध ढवळताना मधेच भलतीकडे लक्ष गेलं, कुणी म्हणतं प्रियकराकडे, आणि त्या चुकीतून हे चीज जन्माला आलं. ही गोष्ट सांगताना होस्ट-बाबा किंचित लाजायचे.

चीज कापायला त्यांच्याकडे उलथन्यासारखं एक हत्यार असतं, मध्ये धारदार फट असलेलं. ते वरून ओढलं की पातळ पापुद्रा निघतो. मी ओढलं. माझा हात एका बाजूला जड, त्यामुळे चार पापुद्र्यांतच ठोकळ्याला उतार पडला. टेबलावर शांतता पसरली. धाकट्या मुलीने हळूच भावाकडे पाहिलं. "ही बर्फावरून घसरायची टेकडी झाली," होस्ट-बाबा अत्यंत मृदू आवाजात म्हणाले. त्यांनी ठोकळा उचलला, डोळ्यांच्या रेषेत धरला आणि उंच बाजूचे सहा पापुद्रे काढून, ते एकट्याने खाऊन, सपाटी पूर्ववत केली. दुसऱ्याची चूक अशी पोटात घालणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

फ्रिजवर कुटुंबाचं कॅलेंडर. त्यात तारखांना मान नाही, मान आठवड्यांच्या क्रमांकांना. दाताचा डॉक्टर 37 व्या आठवड्यात, गाडीचे टायर 42 व्या. तुमची दिवाळी कधी, असं त्यांनी मला आवर्जून विचारलं. मी म्हटलं, लक्ष्मीपूजन 23 ऑक्टोबरला. त्यांनी बोट फिरवलं. "आठवडा 43." आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं, कारण शाळेची शरदातली सुट्टी 44 व्या आठवड्यात होती. "एकच आठवडा," ते पुटपुटले. "पुढे ढकलता नाही येणार?" नाही येणार म्हटल्यावर त्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं, पण चंद्रावर थोडी नाराजी धरूनच.

आता मुख्य विषय, भूक. पहिल्या रात्री जेवणात उकडलेले बटाटे होते. होस्ट-बाबांनी विचारलं, "आणखी बटाटा?" मी म्हटलं, "नको." आणि त्यांनी भांडं उचलून आत नेलं. खरंच नेलं! आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे नुसती प्रस्तावना. दुसरं 'नको' म्हणताना ताटावर आडवा हात येतो आणि तिसऱ्याला त्याच हाताच्या फटीतून वाढलं जातं. इथे प्रस्तावनेलाच पुस्तक मिटलं. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही. मुलं जेवण झाल्यावर बापाला 'ताक फॉर मातेन' म्हणजे 'जेवणाबद्दल आभार' म्हणून उठायची. त्या भाषेत आभाराला 'ताक' म्हणतात, आणि ते कानावर पडलं की माझ्या पोटात आणखीच खड्डा पडायचा.

रात्री दार लावून मी चकल्यांचा डबा उघडायची. लाकडी घर, बाहेर चिटपाखरू नाही. त्या शांततेत चकली मोडल्याचा आवाज तालुक्याला ऐकू जावा. तिसऱ्या रात्री दारावर टकटक झाली. "आत उंदीर आहे का?" होस्ट-बाबांनी बॅटरी घेऊन विचारलं. मी तोंडात चकली धरून रडायला लागले.

मग मध्यरात्री स्वयंपाकघरात मी त्यांना आग्रह समजावून सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकत होते आणि दुसरं कुणी समजावून सांगत होतं. पंगत, यजमानाने पानापानापाशी जाणं, पोट भरलेल्याला शपथ घालून जिलेबी वाढणं, सगळं सांगितलं. त्यांना घाम फुटला. समोरच्याचं 'नाही' ऐकूनही पुन्हा विचारायचं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणं, असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. पुढे 2022 मध्ये, खेळायला आलेल्या शेजारच्या पोराला स्वीडिश घरात जेवायला विचारत नाहीत यावरून जगाने या लोकांची यथेच्छ टिंगल केली. तेव्हा मला ती मध्यरात्र आठवली. त्यांना जेवू घालायचं नव्हतं असं नाही. कुणावर जबरदस्ती होईल या भीतीनेच ते अर्धे झाले होते.

"किती वेळा विचारायचं?" त्यांनी वही काढून विचारलं. मी सहज म्हणून गेले, "तीनदा."

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर 35 व्या आठवड्यापासून पुढे बाण काढलेला होता आणि त्याच्या शेजारी माझं नाव आणि '3' हा आकडा. संध्याकाळी होस्ट-बाबा भांडं घेऊन माझ्याजवळ उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "आणखी बटाटा? आणखी बटाटा? आणखी बटाटा?" मी हसू दाबत ताट पुढे केलं. त्यांनी एक बटाटा वाढला आणि कपाळावरचा घाम पुसला.

त्या रविवारी मी आईला स्काइप लावला. होस्ट-बाबा ओळख करून घ्यायला येऊन बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी डबा उघडला. आईला त्यांनी चकली खाल्लेली बघायची होती. ती पडद्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "घ्या ना भाऊसाहेब, टेक, टेक!"

"नको," होस्ट-बाबा म्हणाले. तेवढा एक मराठी शब्द त्यांना येत होता. तो ऐकून आई हरखली, आणि हरखलेल्या आईला आवरणं कठीण. "अहो घ्या हो, घरच्या भाजणीची आहे." त्यांनी टेबलाखाली दोन बोटं उघडली. "नको." "माझ्यासाठी एक!" तिसरं बोट उघडलं आणि नियमानुसार त्यांनी चकली उचलली. कडेपासून सुरुवात करून, वळसा मोडू न देता, ती संपवली.

"आणखी एक घ्या," आई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौथ्याचं तर ठरलंच नव्हतं. मी खांदे उडवले. त्यांनी थोडा विचार केला, ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली.

"अगं बाई! काय झालं गं त्यांना? ठसका लागला का? पाणी दे, पाणी!"

"काही झालं नाही गं आई. ते हो म्हणाले."

"हो म्हणाले?" आई क्षणभर गप्प झाली. "मग बघत काय बसलीस? डबा पुढे कर."